लाल परकराची ओवी

फार पूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात घरोघरी घायपाताचे दोर वळले जायचे. बैलाला दावं हवं, पोहऱ्याला दोर हवा, मोटेला नाडा हवा, की आसपासचे लोक याच गावाची वाट धरायचे.

दोर एकट्याने वळता येत नाही. एक बाई फिरकी फिरवते आणि दुसरी घायपाताचा वाख, म्हणजे पानांचे धागे, सोडत सोडत मागे सरकते. हाताचा आणि पावलाचा मेळ बसावा म्हणून ओव्या म्हणायची तिथे रीत होती. वाख सोडणारीने ओवी म्हणायची. फिरकीवालीने ती उचलायची, त्यात आपला एखादा शब्द, आपलं एखादं माणूस घालायचं आणि मग परत करायची. जशीच्या तशी परत केली तर बायका हसायच्या. "शेजारणीची वाटी कुणी रिकामी परत करतं का गं?" म्हणायच्या.

अशा ओव्या मग कुठेही निघायच्या. भाकरी थापताना, लेकरू निजवताना, नवऱ्याला टोमणा मारताना. दोर न्यायला आलेला गाडीवानसुद्धा जाताना एखादी ओवी घेऊन जायचा आणि पुढच्या खेपेला ती भलतीच होऊन परत यायची. कोणती ओवी कुणाची, हे कुणी विचारत नसे.

या गावात भिवरा नावाची बाई होती. ओवी रचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा तिची शेळी पाटलाच्या मळ्यात शिरली. पाटील तणतणत दारात आला, तर भिवरा फिरकी न थांबवता म्हणाली,

"शेळी माझी गं खट्याळ, तिनं दावं तोडलं,
पाटलाच्या मळ्यातलं एक पान नाही सोडलं."

पाटलाला रागवावं की हसावं कळेना. दिवस मावळायच्या आत ती ओवी गावभर झाली. भिवराला त्याचं काहीच वाटलं नाही. शेळीची तर ओवी, कुणीही म्हणावी.

पण तिच्या काळजातली ओवी वेगळी होती. भिवराला एकच लेक. तिच्यावर रचलेल्या ओवीत लेकीचा लाल परकर होता, नुकताच पडलेला दात होता, मांजरीवर रागवायची तिची तऱ्हा होती. ही ओवीसुद्धा बायकांनी कौतुकाने उचलली होती. पुढे गावात साथ आली आणि चार दिवसांत पोर गेली. लाल परकरही तिच्याबरोबरच गेला. त्या काळी तसबिरी कुठल्या? भिवराजवळ लेकीचं म्हणून राहिलं ते काय, ती ओवी.

एके दुपारी भिवरा शेजारच्या ठकूकडे विस्तव मागायला गेली. ठकू तिची दोर वळायची जोडीदारीण. उंबऱ्याशीच भिवराचे पाय थबकले. आत ठकू आपल्या मुलीला थोपटत तीच ओवी म्हणत होती, पण ओवीतला परकर हिरवा झाला होता.

"ठकू, कसला परकर म्हणालीस?"

"हिरवा." ठकू हसली. "हिचा हिरवा आहे ना. हट्टच धरते, ओवीत माझा परकर घाल म्हणून."

"माझ्या लेकीचा परकर लाल होता."

"अगं हो, मला का ठाऊक नाही? पण ओवी आहे..."

"माझ्या मेल्या लेकीला उघडी करून तुझ्या जित्या लेकीला नेसवतेस? लाज नाही वाटत?"

ठकूचा चेहरा उतरला. "असं नको गं बोलू. दोघी मैत्रिणी होत्या. ही ओवी म्हटली की हिला वाटतं, ती अजून खेळायला येते."

तेवढ्यात अर्धवट झोपेतली पोर आपणहून ओवी म्हणू लागली. भिवराने पुढे होऊन तिचा कान असा पिळला, की पोर किंचाळत उठली.

आता भिवराचं दुःख खरं होतं, त्याला कोण नाही म्हणेल? पण खऱ्या दुःखालाही कधीकधी वाईट बुद्धी सुचते.

दुसऱ्या दिवशी तिने गावातल्या सगळ्या बायकांना ग्रामदेवीपुढे उभं केलं. "आजपासून ही ओवी माझ्याशिवाय कुणी म्हणायची नाही. अंगारा उचला आणि शपथ घ्या."

"भिवरा, ती ओवी आहे गं," ठकू म्हणाली. "पुरून ठेवायला तो दागिना नाही."

"तुला काय कळणार? तुझी आहे ना घरात."

ठकूने अंगारा उचलला. पोर गेलेल्या आईला नाही म्हणायचं कुणाच्या जिवावर येईल? मग सगळ्यांनीच उचलला. आणि गावाचं एक होतं, शपथ घेतली की ती प्राण गेला तरी मोडायची नाही.

भिवराला समाधान वाटलं. लेक आता पुरती आपली झाली, असं तिला वाटलं. दोर वळताना ती ओवी तिनेही सोडली, न जाणो कुणाच्या ओठावर चढायची. घरात दार लावून हळू म्हणायची. पुढे भिंतीपलीकडे ऐकू जाईल म्हणून नुसतीच मनात म्हणू लागली. एखादा शब्द निसटला तर "अगं, असं नाही, तसं आहे" म्हणायला समोर कुणी नसायचं. निसटलेल्या शब्दाच्या जागी ती दुसरा घालायची आणि तोच खरा धरून चालायची.

वर्षं गेली. केस पांढरे झाले. एका दुपारी भिवरा दार लावून बसली आणि तिला ओवीची सुरुवातच आठवेना. तिने डोळे मिटले, दाराची कडी काढली, पुन्हा लावली. भिंतीशी जाऊन फिरकी हातात घेतली, फिरवून पाहिली. काही केल्या ओवी येईना. तेव्हा ती तशीच, डोक्यावर पदरही न घेता, ठकूकडे धावली.

"ठकू, ती ओवी म्हण."

"कुठली गं?"

"माझ्या लेकीची. एकदाच म्हण. शपथ मी सोडवते, पाप माझ्या माथी."

ठकूने बराच वेळ आठवून पाहिलं. ओठ हलवले, हाताने हवेतच फिरकी फिरवली. शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाही गं येत. तोंडावर येऊ लागली की अंगारा आठवायचा आणि मी तोंड दाबून धरायची. दाबता दाबता गेली बघ. परकर लाल होता तेवढं ठाऊक आहे."

"ते कसं राहिलं?"

"त्यावरून तू भांडली होतीस ना."

ठकूची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. भिवरा तिच्यापुढे जवळजवळ हात जोडून उभी राहिली. "बाळे, तू तर रोज म्हणायचीस. आठव की गं."

"मावशी, तुम्ही माझा कान पिळला होता एवढं आठवतं," ती खाली बघत म्हणाली. "कशावरून ते मात्र नाही आठवत."

भिवरा दारोदार फिरली. प्रत्येक घरात म्हाताऱ्या बायकांना लाल परकर ठाऊक होता, भांडण ठाऊक होतं, शपथ ठाऊक होती. भिवरा काय म्हणाली, ठकू काय म्हणाली, सगळं शब्दन्‌ शब्द पाठ होतं. ओवी कुणालाच येत नव्हती.

ती परत निघाली तेव्हा पोरं काठीचा घोडा करून गल्लीत धावत होती.

"घोडा माझा गं खट्याळ, त्यानं दावं तोडलं,
मामाच्या ताटातलं एक शीत नाही सोडलं."

भिवराने ओवी ओळखली. ती मधेच थांबली आणि एका पोराला म्हणाली, "अरे, घोडा नाही रे, शेळी होती. माझी शेळी."

"असेल आजी," पोरगं म्हणालं आणि घोडा दामटत निघून गेलं.

भिवरा घरी आली. या वेळी तिने दार लावलं नाही. उघड्या दारात बसून ती वाट बघत राहिली, की कुणीतरी येता-जाता ती ओवी म्हणत जाईल. कोण म्हणणार? ती मेली तेव्हा बायकांनी तिला लाल लुगडं नेसवलं, कारण त्या ओवीतलं एवढंच त्यांना ठाऊक होतं. ही गोष्ट सांगणाऱ्यांनाही शेळीची ओवी येते. लेकीची सांगता येत नाही.

तात्पर्य: ज्या ओवीत दुसऱ्याला त्याचं माणूस घालू दिलं नाही, त्या ओवीत आपलंही माणूस राहत नाही.