आनशीचा डावा गाल

फार वर्षांपूर्वी, उनसरे गावात बैलगाडीची वाटसुद्धा आली नव्हती, तेव्हा तिथं आनशी नावाची एक तेलीण होऊन गेली. तिच्या चेहऱ्याबद्दल गावात आजही दोन मतं आहेत. नदीकडच्या आळीत विचाराल तर एक ऐकाल, डोंगराकडच्या आळीत विचाराल तर बरोबर त्याच्या उलट. तेव्हा ऐकताना गोंधळ उडाला तर उडू द्या. हे घडलं तेव्हा सगळ्या गावाचाच उडाला होता, आणि खुद्द आनशीचा तर सगळ्यात जास्त.

गावात रस्ता एकच. त्याच्या एका टोकाला भिकू तेल्याचा घाणा, दुसऱ्या टोकाला जाखमातेचं देऊळ. देवळाकडे तोंड करून चालू लागलं की डाव्या हाताला नदीकडची आळी, उजव्या हाताला डोंगराकडची. या दोन आळ्यांचं कधी पटायचं नाही. एकीनं पाऊस येणार म्हटलं की दुसरी वाळवण बाहेर काढायची.

गावाची रीत अशी होती की रोज तिन्हीसांजेला घाण्याच्या घरच्या लेकीनं ताज्या तेलाची बुधली घेऊन देवळात जायचं आणि आपल्या हातानं समईत तेल ओतायचं. समई एकच होती, देवीच्या डाव्या अंगाला. आनशी भिकू तेल्याची एकुलती एक लेक. ती तेल ओतायची, ज्योत वर यायची, आणि काळ्या पाषाणातून देवीचा एक डोळा आणि एक गाल हळूच बाहेर यायचा. तेवढ्या एका क्षणासाठी आनशी दिवसभर घाण्याच्या बैलामागं फिरायची. देवी आपल्याकडे बघते, असं तिला वाटायचं. ते तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग आनशी वयात आली आणि तिच्या तोंडावर फोड उठले. आधी हनुवटीवर, मग कपाळावर, मग दोन्ही गालांवर नुसती दाटी. लाल, पिवळ्या तोंडाचे, हात लागला की ठणकणारे. वर चेहरा असा तेलकट की सकाळी पुसावा तर दुपारी पुन्हा चकाकतो. त्या वयात पोरापोरींना पुटकुळ्या येतातच, पण आनशीसारख्या कुणी बघितल्या नव्हत्या. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं देवीची साथ येतेय, पोरं लांब ठेवा. कुणी तर म्हणालं, भिकूनं तेलात भेसळ केली, ती देवीनं पोरीच्या तोंडावर लिहून दाखवली.

शेवटी गावाचा कारभार बघणारा दौलत गावकर घाण्यावर आला. "भिकू, असल्या तोंडानं पोर देवीसमोर नको," तो म्हणाला. "तेल पायरीवर ठेवील नि मागं फिरंल. घटस्थापनेपातूर तोंड साफ झालं तर झालं. नायतर दिव्याचा मान पलीकडच्या गावच्या घाण्याला."

भिकू बैलाला हाकू लागला. आनशीनं मात्र त्या दिवसापासून जेवणावरचं मन काढलं. बुधली पायरीवर ठेवायची, गुरव ती आत न्यायचा, आणि आतला उजेड तिला बाहेरूनच दिसायचा. देवीचा गाल दिसायचा नाही.

आनशीची आई येसू ही बाई प्रेमळ, पण तिच्याकडे औषध एकच. पोट दुखलं, बेंबीत तेल. डोकं दुखलं, टाळूवर तेल. बैल लंगडला, खुरावर तेल. दार करकरलं, बिजागरीवर तेल. आणि दाराला गुण येतो तर लेकीला का येऊ नये? ती रोज रात्री आनशीला मांडीवर घ्यायची आणि कोमट तेल चेहऱ्यावर जिरवायची. फोड वाढले तशी तेलाची धारही वाढली. आईचा हात इतका मऊ होता की नको म्हणायचं आनशीच्या जिवावर यायचं.

घाण्यामागं ओढा ओलांडला की ऊन पाण्याचा झरा होता. अजून आहे. त्याला नासक्या अंड्यांचा वास येतो. तिथं राक्षसाची चूल आहे असं गाव मानायचं, म्हणून कुणी फिरकायचं नाही. आनशीला तेच हवं होतं. रडायला निवांत जागा दुसरी कुठली? एकदा जाताना तिनं घाण्याची फडकी बरोबर नेली. तेल प्यालेली फडकी म्हणजे कितीही रिठे घासा, चिकटपणा सुटत नाही. ती तिनं झऱ्यात बुडवली, दगडावरची पिवळी साय लावून चोळली, आणि पिळली तर तेलाचा टिपूस नाही, फडकं करकरीत. तिनं हाताकडे बघितलं. हातांचंही तेल गेलेलं.

"फडक्याचं तेल निघतं," ती मोठ्यानं म्हणाली, "तर माझं का नाय निघणार?"

त्या पिवळ्या सायीला गंधक म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं मूठभर खरवडली आणि थापली तोंडावर, गणपतीला शेंदूर थापावा तशी. घरी येईपर्यंत तोंडाची आग आग झाली आणि सकाळी साल निघाली. आनशी घाबरली. हे बरं होणं म्हणायचं की आणखी बिघडणं? तिला काही कळेना. मग तिनं चिमूटभर साय घेतली, तांदळाच्या धुवणात कालवली, पातळ लावली आणि वाळली की धुऊन टाकली. चार दिवसांनी फोड बसल्यासारखे वाटले. पण रात्री आईचं तेल होतंच. दिवसा बसलेले फोड रात्री उठायचे. आज बरं, उद्या वाईट. आनशीच्या डोक्याचा पार घाणा झाला. गुण येतो तो पाण्याचा, पिवळ्या सायीचा, की आईच्या तेलाचा? आणि वाढतं ते कशानं? विचारावं तर कुणाला? राक्षसाच्या चुलीवर गेले होते म्हणून सांगायचं?

शेवटी तिनं आईलाच सांगितलं. येसूनं कपाळाला हात लावला. मग ती म्हणाली, "म्हंजे माझं तेल वाईट?"

"तसं नाय गो आये."

"मग कसं?"

कसं ते आनशीलाही सांगता येईना. तेव्हा मायलेकींनी काय केलं? शेतावरून भांडण झालं की गावात जे करतात तेच केलं. वाटणी केली. नाक म्हणजे बांध. बांधाच्या उजवीकडचा गाल आईचा, तिथं तेल. डावीकडचा गाल झऱ्याचा, तिथं पिवळी साय. कुणी कुणाच्या हद्दीत यायचं नाही. "आणि तोंडावर घेतेस तो पदर काढ," येसू म्हणाली. "गावाला दिसू दे कुणाचा गाल खरा." तिला आपल्या तेलाची खात्री होती.

आणि मग ते झालं, ज्यावर आजही भांडणं होतात. दिवसामागून दिवस गेले तसा आनशीचा डावा गाल निवळत गेला, इतका की पिठाच्या उंड्यासारखा मऊ. तिन्हीसांजेला त्याच्यावर दिव्याशिवाय उजेड पडायचा, असं म्हणतात. उजवा गाल मात्र लाल तो लालच, आणि वर तेलानं चमचम.

आता रस्ता आठवा. संध्याकाळी आनशी देवळाकडे निघायची तेव्हा लोक ओट्यावर बसलेले असायचे. नदीकडच्या आळीला डावा गाल दिसायचा, डोंगराकडच्या आळीला उजवा. ती परत यायची तोवर काळोख पडलेला असायचा आणि सगळे पानावर. त्यामुळे झालं काय, की नदीकडचे म्हणू लागले, पोर बरी झाली, देवी पावली. डोंगराकडचे म्हणाले, डोळे फुटले काय तुमचे? पोर पार बिघडली. नदीकडचे म्हणाले, हे जळकुटे. डोंगराकडचे म्हणाले, यांना तेल्यानं फुकट तेल चारलं. पाणवठ्यावर घागरी फुटल्या. दोन आळ्यांमध्ये एक लग्न ठरलं होतं, ते मोडता मोडता राहिलं. आनशीला ओट्याओट्यावरून दोन्ही ऐकू यायचं, आणि घरी येऊन ती पाण्याच्या परातीत वाकून बघायची. परातीतली पोर तिला कधी बरी वाटायची, कधी वाईट. आपण नेमकं कोण, हेच तिला समजेनासं झालं.

घटस्थापनेचा दिवस उजाडला. त्या दिवशी समईत तेल सकाळीच घालतात. सगळं गाव देवळात जमलं. आता कुणी म्हणेल, एकदा पोरीच्या समोर जाऊन बघितलं असतं तर भांडण मिटलं असतं. पण उनसऱ्याची माणसं! देवळातही नदीकडची आळी डावीकडे बसायची आणि डोंगराकडची उजवीकडे. जागा सोडायची म्हणजे हार मानायची. आनशी बुधली घेऊन दोघांच्या मधून आत आली.

"साफ हाय!" डावीकडून ओरडले.

"कसलं साफ? मान गेला!" उजवीकडून ओरडले.

दौलत गावकरानं धाकू गुरवाला कौल लावायला सांगितला. गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. "आये जाखमाते," त्यानं गाऱ्हाणं घातलं, "पोरीचं तोंड साफ झालं असंल तर होय म्हण, नसंल तर नाय म्हण." आणि दोन्ही पाकळ्या एकदमच पडल्या. असं उनसऱ्यात आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही, असं म्हणतात.

गुरव चक्रावून गेला. त्यानं देवीकडे बघितलं, मग आनशीकडे. त्या घडीला देवळात तिला समोरून बघणारे दोघंच होते, एक तो आणि एक देवी. त्यानं नीट बघितलं. मग पुन्हा देवीकडे बघितलं. समई डावीकडे मिणमिणत होती. देवीचा एक गाल उजेडात होता, एक काळोखात.

"पोरी," तो म्हणाला, "जरा मागं फीर."

आनशी फिरली. आता डावा गाल डोंगराकडच्यांना दिसला आणि उजवा नदीकडच्यांना. नदीकडच्यांचं तोंड उघडंच राहिलं, कारण साफ पोर त्यांच्या डोळ्यांदेखत बिघडली. डोंगराकडची म्हातारी भागी तर "आये, आये!" करत जमिनीवर पालथी पडली, कारण बिघडलेली पोर डोळ्यांदेखत साफ झाली. दौलत गावकर मध्ये उभा होता. तो एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे, आणि त्याचं पागोटं सुटत चाललं होतं.

"म्हंजे आता हिनं तेल घालायचं का नाय?" त्यानं विचारलं.

"देवीचं तोंड तरी तुम्ही कधी अख्खं बघितलंत?" गुरव म्हणाला. "अर्ध्या तोंडालाच हात जोडताव ना?"

तेवढ्यात बायकांमधून येसू उठली. डोंगराकडच्यांमधून वाट काढत ती लेकीसमोर आली. आपल्याला सगळं गाव बघतंय हे तिला कळत होतं, तरी ती थांबली नाही. "ह्यो उजवा गाल माझा हाय," ती मोठ्यानं म्हणाली. "हे फोड पोरीचे नाय, माझ्या हाताचे. मान काढायचा तर माझा काढा." आणि तिनं पदराच्या टोकानं लेकीच्या गालावरचं तेल पुसलं, हळूहळू, पुन्हा पुन्हा, कोरडं होईपर्यंत. आनशी इतके दिवस गावासमोर रडली नव्हती. तेव्हा रडली.

मग तिनं समईत तेल ओतलं. ज्योत वर आली आणि देवीचा गाल बाहेर आला. आनशीला कळेना की देवी हसतेय, की उजेडच हलतोय. तिनं कुणाला विचारलंही नाही.

पुढं तिचा उजवा गालही साफ झाला. गंधकानं झाला, की तेल थांबलं म्हणून झाला, की वय सरलं म्हणून, याचा निकाल आजवर लागलेला नाही. आनशी खूप जगली. गावोगावच्या पोरी तिच्याकडे तोंड झाकून यायच्या आणि तोंड उघडं टाकून जायच्या. म्हातारपणी तिचा उजवा गाल सुरकुतला, डावा मात्र सोळा वर्षांचाच राहिला, असं म्हणतात. एका पहाटे ती झऱ्याच्या वाफेत शिरली आणि पुन्हा बाहेर आली नाही. नदीकडचे सांगतात, ती डावीकडून गेली. डोंगराकडचे सांगतात, उजवीकडून.

आता उनसऱ्यात डांबरी रस्ता आहे, आणि दुकानात गंधकाचा साबण मिळतो. तरी घटस्थापनेच्या सकाळी गावातल्या वयात आलेल्या पोरी झऱ्यावर जातात, पिवळी साय धुवणात कालवतात आणि आधी फक्त डाव्या गालाला लावतात. त्याला आनशीचा गाल म्हणतात. तो सोसला तरच दुसऱ्याला हात लावायचा. उजवा गाल त्या दिवशी आईनं पदरानं पुसायचा असतो, त्यावर काही असो वा नसो. देवळातली समई अजून एकच आहे. विजेचा दिवा लावायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही आळ्यांनी मिळून ते मोडलं. दोन्ही आळ्यांचं एकमत झालेली गावातली तेवढी एकच गोष्ट.

आणि उनसऱ्यात कुणी कुणाला नावं ठेवायला लागलं, की ओट्यावरची एखादी म्हातारी तिथल्या तिथं म्हणते, "जाताना बघितलंस ना? आता येताना बघ."