घाटापलीकडचा विस्तव

फार जुन्या काळची गोष्ट आहे. वर्ष कुणाला आठवत नाही, तिथी मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे: चैत्र वद्य दशमी. दिवसभर लख्ख ऊन होतं आणि दिवस कलताच डोंगरावरून सोसाट्याचा वारा सुटला होता.

त्या दिवशी कुंभारांच्या एका गावातली विहीर आटली. पिण्यापुरतं झऱ्याचं पाणी होतं, पण माती भिजवायला नव्हतं. चाकं थांबली. घाटापलीकडे दुसऱ्या राजाचा मुलूख होता. तिथे बारमाही नदी होती आणि काठाला चिकण माती. पण तिथले लोक परक्यांना राहू देतात की हाकलून देतात, हे कुणालाच माहीत नव्हतं.

गावच्या म्होरक्याने धाकट्या मुलाला सांगितलं, "जा, बघून ये. गाव हलायचं की नाही, ते तुझ्या शब्दावर ठरेल."

धाकटा निघाला. वाटसरूंना विचारलं, घाटमाथ्यावरून सगळा मुलूख नजरेखालून घातला. दिवस मावळताना पहिल्या गावात शिरला आणि भाकरी भाजायला एका घरी विस्तव मागितला. "आता नाही," असं म्हणून घरच्या बाईने दार लावून घेतलं. दुसऱ्या घरी तेच झालं, तिसऱ्या घरीही तेच. तो संतापून तसाच माघारी आला.

"निखारा मागितला तर तोंडावर दार लावलं!" तो म्हणाला. "असले लोक आपल्याला जमीन काय देणार? जायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. म्होरक्याच्या थोरल्या सुनेने मात्र विचारलं, "पण भाऊजी, विस्तव का दिला नाही?"

"आता ते काय मी दाराला विचारू, वहिनी?"

"दाराआडच्या बाईला विचारायचं होतं."

सासऱ्याला हसू आलं. "सूनबाई, मग तूच जा."

"जाते, मामंजी. पण राहून येईन, लगेच परत येणार नाही."

"भाकरी भाजून न्या हो, वहिनी," दीर म्हणाला. "तिकडे चूल पेटायची नाही!"

ती त्याच गावात, त्याच वेळी पोचली आणि पहिल्याच दारी विस्तव मागितला. "आता नाही," बाई म्हणाली आणि दार लागलं. ही ओट्यावर बसून राहिली. तेवढ्यात वारा सुटला. तिने पाहिलं, तर सगळी घरं वाळक्या गवताने शाकारलेली, एकाला एक लागून. एकाही घरातून धूर निघत नव्हता.

थोड्या वेळाने दार उघडलं. बाईच्या हातात वाढलेलं ताट होतं.

"आमच्याकडे दिवस मावळायच्या आत चुली विझवतात," ती म्हणाली. "या वाऱ्यात एक ठिणगी उडाली तर सगळी आळी जळेल. विस्तव कसला मागता? जेवण मागा की!"

"मग दार का लावलंत?"

"ताट वाढत होते, त्यात धूळ नको जायला. मागे एक पाहुणा आला होता. आळीत त्याच्यासाठी तीन ताटं वाढली, अन् जेवणारा गायब!"

सून तिथेच राहिली. त्यांच्याबरोबर तिने पाणी भरलं, गवत कापलं, वारा कुठून कुठे जातो ते पाहिलं. मग तिथल्या पंचांपुढे जाऊन तिने जागा मागितली.

"कुंभार ना तुम्ही? म्हणजे भट्टी पेटवणार," पंच कपाळाला आठ्या घालत म्हणाले.

"नदीपलीकडे पेटवू, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. तीही पहाटे. वारा सुटायच्या आत विझवू."

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नदीपलीकडची जागा दिली.

पावसाळ्याआधी सगळं गाव तिथे येऊन वसलं. भट्टीतलं पहिलं मडकं घेऊन धाकटा दीर त्या बाईच्या दारी गेला. तिने त्याला निरखून पाहिलं.

"तुम्हीच ना ते, न जेवता गेलेले? बसा. ताट वाढते."

तिने दार लावून घेतलं. तो ओट्यावर बसून राहिला.

तात्पर्य: परका मुलूख ओळखायचा असेल, तर तिथल्या पहिल्या नकारावरून माघारी फिरू नये, त्यामागचं कारण कळेपर्यंत तिथल्या माणसांत राहावं.