दिवाणांचे दहा मणी

दिवाणांना मुलींची शाळा पाडून तिथे घोड्यांची पागा बांधायची होती. शिक्षिका गोदूताई महाराजांच्या दरबारात दाद मागायला आल्या, तेव्हा दिवाणांनी मडक्यात नऊ काळे आणि एक पांढरा मणी टाकला.

"न बघता एक काढा, बाई. पांढरा आला तर शाळा, काळा आला तर पागा. रंग दोनच, म्हणजे संधी निम्मी-निम्मी!"

गोदूताई शांतपणे म्हणाल्या, "मग दिवाणसाहेब, नऊ पांढरे आणि एक काळा टाका की. रंग तेव्हाही दोनच!"

दिवाण कपाळावरचा घाम पुसू लागले.

महाराज खदखदून हसले. "टाका, दिवाणजी! निम्मी-निम्मीच ना? मग घाम कसला पुसताय?"

दिवाणांनी पागेचा बेत सोडला आणि शाळा वाचली. गोदूताईंनी ते मडकंही मागून नेलं. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मुलींनी रंग नव्हे, मणी मोजले.