तिळभर सरकलेली खूण

त्या प्रदेशात सगळे काही पानांवर चालत असे. पाणचक्की फिरायची तर पान हवे, वेशीचे दार उघडायचे तर पान हवे, आणि माळावरचे ऊबघर, जिथे अवेळी घातलेली अंडी ठेवत, तेही पानांच्याच जिवावर गरम राही. झाडावरून तोडलेले कुठलेही पान चालत नसे. तळ्यातले रुंद हिरवे पान घ्यायचे, त्याच्या शिरांवर चंदेरी डिंकाचे ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपक्यावर नेमके बी ठेवायचे आणि पान तापल्या शिळांच्या गुहेतून न्यायचे, म्हणजे ते जागे होई. एक बी जरी शिरेवरून ढळले तरी पान जन्मभर झोपलेलेच राही.

हे काम पाटाच्या काठी चाले. पाने संथ वाहत येत, आणि काठावर ओळीने बसलेले पक्षी आपापले बी त्यांवर ठेवत. मुनिया मोहरीहून बारीक बिया टिपत. खंड्या लांबट बिया ठेवी. शेवटी बसे तांबटकाकी, आणि तिच्या वाट्याला सर्वांत अवघड बी होते: काळे, चौकोनी, दोन्ही अंगांना गोमेसारखे पाय असलेले. त्यातला प्रत्येक पाय आपापल्या शिरेवरच टेकायला हवा. काकी टुक् करून बी ठेवी आणि मान उंचावून इकडेतिकडे बघे, कोणाचे लक्ष गेले की नाही ते.

पूर्वी नव्या तऱ्हेचे पान आले की ओळीत भांडणे जुंपत. कोणी कुठले बी घ्यायचे, आधी कोण, मागून कोण, यातच दिवस सरत आणि पाने पाटात कुजून जात. पाटाचा कारभारी होता कासवअण्णा. त्याने कंटाळून डोंगरापलीकडून एक पाल आणली आणि पलीकडच्या काठावरच्या कातळभिंतीवर तिला जागा दिली.

पालीने आजवर एकही बी उचललेले नव्हते. नवे पान आले की ती त्याच्याभोवती एक फेरी मारी, भिंतीवर चढे, शेपटी चुन्यात बुडवी आणि प्रत्येक पक्ष्यासमोर त्याची खूण काढी. खुणेवर नजर धरायची आणि चोच खाली आणायची, बस्स. नुसत्या खुणाच नव्हेत, मुनियांचे पंख भरून आले आणि खंड्या मात्र जांभया देतो आहे, हेही तिला दिसे. मग मुनियांच्या चार बिया ती खंड्याकडे वळवी. सकाळी भिंत पुसली की दुपारच्या आत नवी पाने वाहू लागत. मग दिवसभर ती भिंतीला चिकटून पापणीही न लवता बघत राही. डिंक सुकत आला, टोपलीतले बी संपत आले, एखादे बी कुशीवर पडले, की इतर कोणाच्या ध्यानात यायच्या आत तिची चुकचुक ऐकू येई.

इतके देखणे काम डोळ्यांसमोर चालले असता पक्ष्यांनी तोंड भरून कौतुक करावे की नाही? पण छे! पाल चुकचुकणे म्हणजे अपशकुन, हे त्या प्रदेशात अंड्यातल्या पिलालाही ठाऊक होते. त्यावर उतारा एकच, चोच तीनदा दगडावर आपटायची. त्यासाठी प्रत्येकाने आपल्यापुढे एक दगडच ठेवला होता. पाल सांगे की बी वाकडे पडले, आणि सगळी ओळ दगडावर चोची आपटून सुटकेचा श्वास टाकी. बी तसेच राही, मग कोणाला तरी सवडीने ते दिसे. चोच सर्वांत जोरात आपटायची ती तांबटकाकी. उतारा करायचा तर हातचे राखून कशाला, असे तिचे म्हणणे होते.

काकीला अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. पाल तिच्यावर चुकचुकत नसे. सुरुवातीला कधी चुकचुकली असेल तेवढीच, पुढे एकदाही नाही.

"माझ्या वाटेला जात नाही हो ती," काकी मुनियांना सांगे. "मान कुठे तुकवावी, ते तिलाही कळतं."

एका वर्षी अवकाळी गारा पडल्या. घरटी मोडली, ऊबघर अंड्यांनी भरून गेले, आणि त्यांत काकीच्या लेकीचीही अंडी होती. ऊबघराला पाने हवी होती आणि तातडीने हवी होती. ओल्या हवेत डिंक पातळ होऊन ओघळू लागला, बिया त्यावरून घसरू लागल्या, आणि पालीची चुकचुक थांबेना. दर वेळी ओळ थांबे, चोची आपटे, पुन्हा कामाला लागे. पाने निघत ती अगदी मोजकी.

शेवटी काकी कासवअण्णाकडे गेली. "अण्णा, माझ्या लेकीची अंडी आहेत तिकडे. ही मेली त्यांच्यावर उठल्याबसल्या अपशकुन करतेय. तिला हलवा, नाहीतर आम्ही उठतो."

अण्णाने मान कवचात ओढून घेतली. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तेव्हा पालीची रवानगी लांबच्या बांधावर झाली होती. पालीने कसलीही तक्रार केली नाही. जाताना तिने भिंतीवरची एकेक खूण तेवढी पाहून घेतली.

मग काय विचारता! पाने भराभर सुटली. काठावर गाणी सुरू झाली. तेवढ्यात लेकीचा निरोप आला, म्हणून काकी ऊबघराकडे उडाली आणि तिच्या जागी खंड्या बसला. त्याची चोच अशी सरळ की सुताराने रेघ ओढायला मागून न्यावी.

दिवसभर काकी ऊबघरात लेकीला मदत करत राहिली. संध्याकाळपर्यंत पाटावरून आलेली नवी पाने जागोजाग टांगली गेली होती, पण सगळी गार. लेक भिजल्या पंखांखाली अंडी घेऊन बसली होती.

"आई, नवी पानं जागीच होत नाहीत गं," ती म्हणाली. "मी किती वेळ पुरणार?"

काकी तशीच माघारी आली. काठावर गलका चालला होता. खंड्याने खुणेवर नजर धरली, चोच खाली आणली, आणि काळ्या बीचे सगळे पाय शिरांच्या मधोमध पडले. तिळभर उजवीकडे. पुन्हा ठेवले, पुन्हा तिळभर उजवीकडे.

"बघा काकी, खूणच चुकीची आहे!" खंड्या ओरडला. गार पानांचे दुःख कोणाला राहिले नव्हते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका दाखवणारीची चूक सापडली होती, आणि मुनिया तर आनंदाने नाचायच्या बाकी होत्या. अण्णाने खूण पुसून नवी काढायला सांगितले.

काकी एकटीच त्या खुणेकडे बघत राहिली. याच खुणेवर नजर धरून ती बी ठेवत आली होती, आणि तिची पाने जागी झाली होती; पाणचक्क्या त्यांवर फिरत होत्या. खूण बाजूला आणि बी मात्र जागेवर, हे कसे? ती पाण्यावर वाकली. पाण्यात तिला आपली चोच दिसली. चोचीचे टोक एका अंगाला झिजून डावीकडे वळले होते, तिळभर. दगडावर आपटायचे तेच अंग होते ते.

मग तिला एकामागून एक सगळे उमगले. पाल चुकचुकली असती तर आपण चोच आणखी जोरात आपटली असती. म्हणून पाल गप्प राहिली होती, आणि चोच जशी वळली तशी काकीची खूण केसाकेसाने सरकवत आली होती. काकी जिला आपली करामत समजत होती, ती भिंतीवर पांढऱ्या चुन्यात बसलेली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ती गप्प बसली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. चुकीचा डाग पालीवर पडलाच होता, आणि पाल बांधावर होती. पण वाकडी चोच उघडी पडली की ओळीतली जागा गेलीच. त्या जागेशिवाय काकी म्हणजे कोण? पण खूण पुसली तर पालीवाचून नेमकी दुसरी कोण काढणार, आणि तोवर ऊबघर गारच; लेकीचे भिजलेले पंख तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"खूण पुसू नका," ती म्हणाली. "खूण बरोबर आहे. चोच वाकडी आहे. माझी."

काकी आपल्या जागी बसली, खुणेवर नजर धरली आणि बी ठेवले. सगळे पाय आपापल्या शिरांवर टेकले. पान गुहेतून बाहेर आले तेव्हा खंड्याने ते गालाला लावून पाहिले. "ऊन लागतंय," तो हळूच म्हणाला.

पालीला आणायला काकी स्वतः बांधावर गेली. "पालबाई, चला," ती म्हणाली. "चुकलं माझं." पालीला बोलता येई तो एकच शब्द, चुकचुक, आणि तोही ती उगाच खर्च करत नसे. ती मुकाट्याने निघाली.

भिंतीवर चढताच तिने शेपटी चुन्यात बुडवली आणि काकीच्या खुणेशेजारी खंड्यासाठी दुसरी खूण काढली, म्हणजे दोघांनी पाळीपाळीने काम करावे. पाने वाहू लागली. आणि मग, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच, काकीकडे बघून ती चुकचुकली.

सवयीने सगळ्या चोची दगडांवर उगारल्या गेल्या. काकीचीही गेली, पण ती वरच थांबली. तिने खाली पानाकडे पाहिले. डिंकावरून एक पाय घसरला होता. तिने तो हलकेच शिरेवर सरकवला आणि पालीकडे बघून मान तुकवली. ओळीतल्या चोचींना आता काय करावे कळेना. मग एकेक करून त्याही पानांकडे वळल्या.

लेकीची पिले उडू लागली तोवर काकीपुढच्या दगडाला शेवाळ धरले होते. चोच काय, नखासारखी वाढतच असते. भिंतीवर दोन पांढऱ्या खुणा शेजारीशेजारी होत्या, आणि त्यांतली काकीची खूण रोज केसाएवढी खंड्याच्या खुणेकडे सरकत होती.