ओली फरशी

“आपा, हा फोटो सहा फुटी होईल का?”

रुकय्याआपा कागदाचं जाडजूड भेंडोळं यंत्रावर चढवत होत्या.

मिरजेत मोठे फोटो छापण्यात आपांचा हात धरणारं कुणी नाही. मी कॉलेजात छत्तीस वर्षं प्रकाशशास्त्र शिकवलं आणि सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्याकडे छपाई शिकायला जाऊ लागलो. जे मी फळ्यावर लिहीत आलो, ते आपांच्या बोटांना ठाऊक होतं. मला नुसतं तोंडपाठ होतं.

“मी गणित मांडून बघितलंय,” मी म्हणालो. “सहा फूट केला तर इंचाला जेमतेम पंचावन्न ठिपके पडतात. पुस्तकातल्या चित्राला तीनशे लागतात.”

“पुस्तक मांडीवर घेऊन बघतात, सर. हा कुठं लावणार?”

“प्रयोगशाळेत. दारासमोरच्या भिंतीवर.”

फोटो लगमण्णाचा होता, आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाचा. तो दिवाळीनंतर वारला. रविवारी त्याची मुलगी फोटोवरचा पडदा सारायला येणार होती. त्याचा दुसरा फोटो तिच्याकडेही नव्हता. होता तो एवढाच, आणि तो मी काढलेला... म्हणजे बिघडलेला.

आपा संगणकासमोर बसल्या.

“इथं दोन आहेत. एकात हात फिसकटलाय. दुसऱ्यात झकास आहे.”

“दुसऱ्यात मी दुरुस्त केलाय. तीन आठवडे लागले. काय झालं, तो रोज सकाळी फरशी पुसायचा. मी दारात आलो की हात वर करायचा. ‘थांबा सर, फरशी ओली आहे.’ त्या दिवशी कॅमेरा नवीन होता. मी दारातूनच बटण दाबलं. त्याला ‘हलू नकोस’ म्हणायला हवं होतं. सुचलं नाही.”

“आणि हा झकास हात कुणाचा?”

“...माझा. फोटो काढून तिथं बसवला.”

आपांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“तरीच. या हातानं फरशी पुसल्यासारखं वाटत नाही.”

मी ओशाळून हसलो.

मोठा फोटो छापण्याआधी आपा नमुन्याची एक पट्टी छापतात, वीतभर रुंद, पण खऱ्या आकारात. त्या दिवशी त्यांनी दोन छापल्या. दोन्ही पट्ट्यांवर फक्त हात.

मी भिंग लावून बसलो. माझ्या हाताची रेघ न् रेघ स्पष्ट होती. लगमण्णाच्या हाताचा नुसता धूर झाला होता. बोटं किती, तेही मोजता येईना.

“आपा, हा कसा लावायचा? त्या पोरीला काय वाटेल? छत्तीस वर्षं बाप राबला, आणि सरांना त्याचा हातसुद्धा धड काढता आला नाही...”

“भिंग द्या इकडं.”

मी दिलं. त्यांनी ते कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

“आता कोपऱ्यावर चहा पिऊन या.”

“पण कुठला छापणार?”

“जावा तुम्ही.”

मी दोन चहा घेतले. दुसरा नुसता धरून बसलो. आपांना नक्की काय सांगितलं, ते आठवून पाहिलं. माझा हात छापला तर ती फसवणूक होईल असं वाटलं. त्याचा छापला तर अपमान. पाऊण तासानं परत आलो तेव्हाही काही ठरलं नव्हतं.

दार लोटलेलं होतं. ते ढकललं आणि आत जायला पाऊल उचललं...

समोरच्या भिंतीवर लगमण्णा उभा होता. पूर्ण उंचीचा. बाजूला बादली. तोच धुरकट हात वर केलेला.

हात हलत होता.

माझं पाऊल उंबऱ्यावर तसंच अधांतरी राहिलं. मी चौकट धरली. एवढ्या वर्षांत त्यानं मला कधी घसरू दिलं नव्हतं, आणि मी कधी...



आपा यंत्रामागे उरलेला कागद गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“या सर आत,” त्या म्हणाल्या. “वाळली फरशी.”