सप्तद्वीप की अग्निवर्ष

"दोन्हींतला कोणता, एवढंच सांगा बाबा. पुढचं मी बघतो."

सौमित्रनं हे दुसऱ्यांदा विचारलं. धोंडनाथबाबा घायपाताचा दोर वळत बसले होते. धागे मांडीवर घ्यायचे, तळहातानं पुढं रेटायचे, परत मागं. मान काही वर होईना.

"कशातला म्हणालास?"

"खेळांतला. मोबाइलवरच्या."

उमरखेडच्या टेकडीवरला हा नाथांचा लहानसा मठ. सौमित्रची आई दर पौर्णिमेला इथं यायची, सात महिन्यांत फिरकली नव्हती. आणि तिचा हा सव्वीस वर्षांचा इंजिनियर लेक आज अचानक उगवला होता, तो 'आदेश' म्हणून नमस्कार करायचंही विसरून थेट प्रश्नावर.

"एकाचं नाव सप्तद्वीप, बाबा. सहा वर्षं खेळतोय आम्ही. दुसरा अग्निवर्ष, नवा आलाय. माझी चाळीस जणांची टोळी आहे. निम्मे म्हणतात नव्यात जाऊ, निम्मे म्हणतात मेलो तरी हलणार नाही. रविवारपर्यंत मी ठरवायचंय."

"चाळीस? इथं भंडाऱ्याला एवढे जमत नाहीत."

सौमित्रला हसू आलं. थोडं सुखावल्याचंही.

"माझ्या शब्दाबाहेर एकही नाही, बाबा."

"मग माझा शब्द कशाला?"

...

सौमित्रनं बैठक बदलली. मग ऑफिसात बोलतात तसं नीट बोलायला लागला. सप्तद्वीपातली चित्रं जुनी, पण नकाशा पाठ. अग्निवर्षात दोनशे शस्त्रं, आभाळात लढता येतं, पण मुळापासून सुरुवात. सहा वर्षांची कमाई इकडंच राहणार. बाबा ऐकत होते. दोर मात्र थांबला नव्हता.

"त्यात माणूस मरतं का रे?"

"मरतं की. रोज दहादा."

"जुन्यात मेल्यावर?"

"गावच्या विहिरीपाशी परत उठतं. दहा सेकंद लागतात."

"आणि नव्यात?"

"देवळाच्या पायरीवर. पाच सेकंदांत."

"पण उठतं."

"उठतं."

"दोन्हीत उठतं. मग तू निवडायला काय आलास लेका?"



...

"इरा गेली, बाबा," तो म्हणाला. "श्रावणात. डेंग्यूनं. चार दिवसांत."

"कळलं होतं."

इरा त्याची धाकटी बहीण, एकवीस वर्षांची. तीही टोळीत होती. लढायची नाही, जखमी झालेल्यांना बरं करायची. पाच वर्षांत टोळीतलं एक माणूस वाऱ्यावर सोडलं नव्हतं पोरीनं, आणि स्वतःला आलेला ताप मात्र दोन दिवस घरात कोणाला सांगितला नाही.

"ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी खेळात मोहीम लावली," सौमित्र म्हणाला. "घरात माणसं बसलेली. आई भिंतीला टेकून. मी माझ्या खोलीत. चाळीस जण विचारत होते, इरा कुठंय? मी म्हटलं, अभ्यासाला बसलीय."

"बरं."

"बरं काय, बाबा! त्या खेळाचा नियम आहे, नव्वद दिवस कोणी आलं नाही तर नाव पुसतात. तिचं नाव, तिचं घर, तिनं लावलेली झाडं, सगळं. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी माझ्या लक्षात आलं. तिचा पासवर्ड मला ठाऊक होता. म्हटलं, नुसतं आत जायचं आणि बाहेर यायचं. एक मिनिट."

"मग?"

"मग शकुमावशी होत्या तिथं."

बाबांनी पहिल्यांदा मान वर केली.

शकुमावशी म्हणजे टोळीतल्या सर्वांत थोरल्या. वय सदुसष्ट. वणीला शाळेत शिकवायच्या, निवृत्त झाल्या, नवरा गेला, मुलगा परदेशात. कोणी तरी मोबाइलमध्ये खेळ घालून दिला आणि त्या आत येऊन वाट चुकल्या. इराला त्या खेळातल्या गावच्या पाराशी रडकुंडीला आलेल्या सापडल्या होत्या. तिनं त्यांना चालायला शिकवलं, घोडा मिळवून दिला. खरे गुडघे दोन्ही गेलेले, म्हणून मावशी घोड्यावरून उतरायला तयार नसायच्या. एकदा त्यांनी वाघ मारला, तेव्हा सगळ्या टोळीला शिरापुरीचं आमंत्रण दिलं होतं.

"इराच्या नावापुढं हिरवा ठिपका लागला आणि त्यांनी लिहिलं... 'कुठं होतीस गं बाई एवढे दिवस? माझ्यावर रुसलीस काय?'"

"आणि तू?"

"मी लिहिलं, परीक्षा होती मावशी."

बाबांनी दोराला एक पीळ दिला.

"एकदाच लिहायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी वाटलं, वाट बघत असतील. मग रोजच... चार महिने झाले. आधी अर्धा तास इरा होतो, मग सौमित्र. त्या भरभरून लिहितात. मांजरीला पिल्लं झाली, नळाला पाणी नाही, गुडघा दुखतो. मी उत्तरं देतो. इरा देईल तशीच देतो, हं बाबा. कधी कधी तर हसतोसुद्धा. परवा आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, कोणाशी बोलतोयस एवढं गोड? मी म्हटलं, ऑफिस."

"मानलं तिनं?"

"काय माहीत. दार लावून गेली."

...

"तर आता ही टोळी निघाली," बाबा म्हणाले.

"हो. आणि मावशींनी लिहिलंय," त्यानं मोबाइल काढून वाचलं. वाचायची गरज नव्हती, पाठच होतं. "'तू जाशील तिकडं मी येईन. तू नसशील तर मला आता कुठं नवीन जायचं नाही, इरा.'"

"मग?"

"मग हेच विचारायला आलो. नव्यात गेलो तर इराला नव्यानं बनवावं लागेल. इथं निदान तिनं बनवलेली इरा आहे. मी फक्त... चालवतो तिला. तिथं मीच बनवणार. ते चालेल का, बाबा? पाप लागेल का?"

बाबांनी दोर बाजूला ठेवला.

"बनव."

"काय?"

"बनव म्हटलं ना. इथंच. मला बघू दे."

सौमित्रला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण बाबा सरकून त्याच्याजवळ येऊन बसले होते, नातवंडाच्या पाटीत डोकावावं तसे.

त्यानं अग्निवर्ष उघडलं. पडद्यावर एक राखाडी बाई उभी राहिली, चेहरा नसलेली.

उंची. त्यानं बोटानं खाली ओढली. अजून थोडी. इरा त्याच्या खांद्याला लागायची.

रंग सावळा. केस खांद्यापर्यंत. हनुवटीवर खूण हवी होती, लहानपणी झोपाळ्यावरून पडली त्याची. खुणांत तलवारीचे वार होते, भाजल्याचे डाग होते... झोपाळ्याची नव्हती. त्यानं सगळ्यांत बारीक वार निवडला.

"जमतंय की," बाबा म्हणाले.

"जमतंय."

"आता काय मागतंय ते?"

"आवाज. बारा आवाज दिलेत, त्यांतला एक निवडायचा."

"ऐकव."

पहिला आवाज हसला. दुसरा म्हणाला, 'मी तयार आहे.' तिसरा जरा जाड, चौथा लाडिक. सौमित्र मान हलवत पुढं जात राहिला. सातवा त्यानं दोनदा ऐकला, आठवा अर्ध्यातच तोडला.

बारावा संपला.

"यातला तिचा कोणता?"

"एकही नाही, बाबा."

"अजून ऐकव."

"संपले. बाराच आहेत."

"मग तू तोंडानं काढून दाखव. भाऊ आहेस. आठवत असेल."

सौमित्रनं घसा साफ केला. खरंच केला. ओठ हलले... आणि काहीच आलं नाही. इरा 'दादा' म्हणायची तेव्हा शेवटी सूर वर जायचा की खाली, तेच त्याला आठवेना. त्यानं पुन्हा ओठ हलवले. मग मोबाइल उपडा ठेवला आणि दोन्ही हात तोंडावर घेतले.

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. समजावलंही नाही. सात महिन्यांचं साचलेलं होतं, ते वाहायला जागा लागते. टेकडीखालच्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज येऊन संपलासुद्धा.

...

त्यानं डोळे पुसले, मोबाइल सुलटा केला आणि त्या बारीक वाराच्या बाईला पुसून टाकलं. सप्तद्वीप उघडलं. इराच्या नावानं.

शकुमावशी पाराशीच होत्या. घोड्यावर.

"आलीस? आज कुठं नेतेस?"

सौमित्रनं लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

"मावशी, मी इरा नाही. तिचा भाऊ सौमित्र. इरा श्रावणात गेली. डेंग्यू झाला होता. चार महिने तुमच्याशी मीच बोलत होतो."

अंगठा क्षणभर वर राहिला. मग टेकला.

पाराशी काही हललं नाही.

मग मावशी घोड्यावरून उतरल्या. इतक्या दिवसांत त्यांना उतरलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. दोन पावलं इराकडं आल्या, थांबल्या आणि जमिनीवर बसल्या.



कुठला तरी अनोळखी शिपाई त्यांच्यासमोर येऊन नाचून गेला. खेळात नाचतात लोक असे, उगीचच. मावशी तशाच बसून.

"काही बोलत नाहीत, बाबा."

"घरात कोण असतं तिच्या?"

"कोणी नाही. एकट्याच असतात."

"वणी ना?"

"वणी. इथनं पाच-सहा तास तरी." सौमित्र पडद्यावरून नजर काढत नव्हता. "त्यांनी शिव्या द्याव्यात. काही तरी लिहावं... आणि टोळीला मी काय सांगू, बाबा? रविवारी सगळे विचारतील, कुठं जायचं?"

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"आज त्या बाईच्या घरी चूल पेटायची नाही. आत जा, वणीला न्यायला भाकरी बांधून घे."