दगडाचे शहाणे आणि घोटभर पाणी

एका राज्यात शहाण्यांना तोटा नव्हता. राजवाड्याच्या अंगणातच सत्तावीस शहाणे उभे होते, सगळे दगडाचे.

झाले असे, की एका मांत्रिकाला भर दरबारात कुणी अडाणी म्हणून हिणवले. त्याने शाप दिला: समोरच्याला कमी लेखून जो सल्ला देईल, त्याचा दगड होईल; समोरच्याचे ऐकून दिलेला सल्ला कामी येईल, तेव्हाच शाप तुटेल. मग सल्ले आटले आणि खुळ्या समजुती सुखाने नांदू लागल्या.

त्यांतली एक म्हणजे तापकऱ्याला पाणी द्यायचे नाही; पाणी मिळाले की ज्वरासुर मुक्काम ठोकतो. राणी चंद्रसेनेची सात वर्षांची लेक मृणालिनी तीन दिवस तापाने फणफणत होती. ओठ तडकले होते, आवाज उरला नव्हता.

भिवरा वैदीण खांद्यावर साळुंकी घेऊन आली. पोरीला पाहून तिचा जीव तुटला आणि जीभ सुटली. "राणीसाहेब, वेड लागले काय? पाणी द्या!"

गुडघ्यापर्यंत तिचे पाय दगड झाले.

"ग्रंथात सारे लिहिले आहे. तुम्हांला त्यातले काय कळणार?"

कंबरेपर्यंत दगड चढला.

साळुंकी म्हणाली, "बाई, सांगितलेस पुष्कळ. विचारलेस काय?"

भिवराला मनापासून लाज वाटली. "राणीसाहेब, हे तुम्हांला कोणी सांगितले?"

"आईने." राणीचे डोळे भरून आले. "माझा धाकटा भाऊ जयधर. तापात पाणी मागत होता. मीच पाजले. दुसऱ्या दिवशी गेला."

"पाणी कुठले?"

"हत्ती डुंबतात त्या तळ्यातले."

"मग आईसाहेब भ्याल्या त्यात नवल नाही. दोष त्या पाण्यात होता, तुमच्या हातांत नव्हता. आपण झऱ्याचे आणू, उकळून निववू, चिमूटभर मीठ आणि गूळ घालू. पहिला घोट मी घेते. पुढचा तुम्हीच पाजा."

पाणी निवले, भिवराने पहिला घोट घेतला आणि राणीने चमचा धरला. एक घोट, दोन घोट. दिवस मावळायच्या आत मृणालिनीने डोळे उघडले.

"आई, अजून!"

कडाड् आवाज झाला. भिवराचे पाय सुटले, शाप तुटला, अंगणातले सत्तावीसही जण जिवंत झाले. त्यांतला थोरला लगेच म्हणाला, "मी आधीच सांगत होतो, पण हे अडाणी..." साळुंकीने त्याच्या कानाला अशी चोच मारली, की पुढचे शब्द घशातच राहिले.

राज्यभर दवंडी पिटली: सल्ला देणाऱ्याने आधी बसावे, विचारावे, ऐकावे. आणि राणीने झऱ्यापाशी पाणपोई घातली. तिच्यावर नाव कोरले, जयधर.